खरी फुलं, कापडाची फुलं आणि गटाची वही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत सजावटीचं काम करणाऱ्या गटांसमोर क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आज मला फुलांवर बोलायला सांगितलंय. खरं म्हणजे फुलांवर तुम्हीच मला शिकवायचं. तुमच्यातल्या कितीतरी जणी पहाटे डोक्याला बॅटरी लावून झेंडू तोडतात आणि सहाच्या आत क्रेट भरून टेम्पोत टाकतात. मी एमएसडब्ल्यू करून आलेली. कॉलेजात आम्हाला गट कसा बांधायचा ते शिकवलं, वेणी कशी बांधायची ते नाही शिकवलं. ती मी इथे आल्यावर तुमच्याकडूनच शिकले, आणि माझी वेणी अजून सैलच होते, हे हसणाऱ्यांना माहीत आहे. तेव्हा लागवड, औषधं, जाती यातलं मी काही बोलणार नाही. हळद, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण यांच्या सजावटीच्या ऑर्डरी आता आपल्या गटांना मिळायला लागल्यात. त्यात खऱ्या फुलांबरोबर कापडाची-प्लास्टिकची फुलं घ्यायची का, घ्यायची तर कुठं लावायची आणि वहीत कशी लिहायची, एवढ्यावर बोलते.

हा विषय निघाला कर्जावरून. मागच्या सभेत एका गटानं कृत्रिम फुलांच्या खरेदीसाठी कर्ज मागितलं. अर्ज चांगला होता, परतफेडही त्या गटाची वेळेवर असते. पण मागून एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "माझी अर्धा एकर शेवंती हाय. तुम्ही कापडाची फुलं आणली तर माझी कोण घेणार? आन् कर्ज देणार माझ्याच बचतीतनं?" सभा गप्प झाली. अर्ज पुढं ढकलला. कुणी म्हणालं मावशींचं बरोबर, कुणी म्हणालं धंदा करायचा तर असं चालत नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, पण निम्म्या-निम्म्या. म्हणून जरा हिशोबानं बघू.

आधी एक गोष्ट मान्य करूया. खऱ्या फुलाशेजारी बनवलेलं फूल ठेवणं हे काही आजचं खूळ नाही. नवरदेवाचं बाशिंग आठवा. पाणथळीत वाढणाऱ्या भेंडाचा पांढरा, हलका गाभा कापून, त्याला रंग, कागद, बेगड लावून बाशिंगं होत आली आहेत. मुंडावळ्या मोत्यांच्या असतात, फुलांच्याही असतात, आणि कित्येक लग्नांत दोन्ही बांधतात. दारावर मण्यांचं तोरण बारा महिने असतं, तरी दसऱ्याला त्याच्याच वर आंब्याची पानं आणि झेंडू चढतो. गणपतीला चांदीचं जास्वंदीचं फूल वाहतात, चांदीच्या दूर्वा असतात. पण म्हणून कोणी खऱ्या एकवीस दूर्वांची जुडी चुकवतं का? नाही. चांदीचं फूल डब्यात परत जातं, पुढच्या वर्षी निघतं. खरं फूल रोजचं रोज लागतं. आपल्या आज्यांनी ही वाटणी करून ठेवली आहे. टिकणारं ते टिकण्यासाठी, ताजं ते वाहण्यासाठी, माळण्यासाठी, वासासाठी.

आताचा घोटाळा कुठं झालाय? टिकणाऱ्यानं ताज्याची सगळीच जागा घेतली. हल्ली मंडपवाल्याचं स्टेज बघा. मागं हिरव्या प्लास्टिकच्या गवताची भिंत, तिच्यावर प्लास्टिकचे गुलाब, खांबाला प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, आणि खरं फूल म्हणजे फक्त नवरा-नवरीच्या गळ्यातले दोन हार. त्या माळा पाच-पाच वर्षं जुन्या असतात, ऊन खाऊन फिक्या पडलेल्या, धुळीनं कळकटलेल्या. फुलशेतकऱ्यांचा राग यावरच आहे आणि तो रास्त आहे.

आता हिशोब. आकडे मी उदाहरणासाठी धरते. तुमच्या गावचे तुमचे तुम्ही घाला.

समजा हळदीची ऑर्डर आहे, ९,००० रुपयांची. सगळी खरी फुलं वापरली तर फुलं ४,५०० ची, रात्रभर माळा करायला पाच बायका ३०० रुपयांप्रमाणे म्हणजे १,५००, टेम्पो ८००. गटाला राहिले २,२००.

तीच ऑर्डर अर्धी कापडाच्या फुलांत केली. खरी फुलं २,२०० ची, माळा करायला दोनच बायका म्हणजे ६००, टेम्पो ८००, कापडाच्या फुलांची झीज ६००. झीज म्हणजे काय ते पुढं सांगते. एकूण खर्च ४,२०० आणि गटाला राहिले ४,८००.

बघितलंत? २,२०० चे ४,८०० झाले. कर्ज मागणारा गट हेच सांगत होता, आणि ते खोटं नाही.

पण आता वहीचं पान उलटून गावाच्या बाजूनं बघा. पहिल्या हिशोबात फुलं जर आपल्याच बायकांच्या शेतातली असतील, तर टेम्पो सोडून सगळे ८,२०० रुपये आपल्यातच राहिले: फुलवालीला ४,५००, माळा करणाऱ्यांना १,५००, गटाला २,२००. दुसऱ्या हिशोबात आपल्यात राहिले ७,६००. झिजेचे ६०० शहरातल्या व्यापाऱ्याकडे गेले. त्यातही फुलवालीचे २,३०० गेले आणि तीन बायकांची रात्रीची मजुरी गेली. गटाचा नफा वाढला तो कुणाच्या ताटातून वाढला ते मावशींना न शिकताच कळलं होतं.

आता तिसरा हिशोब, जो कोणी मांडत नाही. एखादं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, माझ्याकडं सजावटीला ५,००० च आहेत. तेवढ्यात अख्खं स्टेज खऱ्या फुलांचं होत नाही. आपण नाही म्हटलं तर तो मंडपवाल्याकडं जातो आणि मंडपवाला सगळंच प्लास्टिकचं लावून देतो. म्हणजे मावशींच्या शेवंतीतलं एक फूलही गेलं नाही, आणि आपलं कामही गेलं. पण आपल्याकडं मागच्या पडद्याला लावायला कापडाचं सामान असेल, तर १,५०० ची खरी फुलं, ६०० मजुरी, ८०० टेम्पो, ६०० झीज, आणि गटाला १,५००. यात ३,६०० रुपये आपल्यात आले, जे एरवी आलेच नसते.

माझं मत इथं पक्कं होतं, तुम्हाला पटलं नाही तर जरूर भांडा. ज्या ऑर्डरीत गिऱ्हाईक खऱ्या फुलांचे पैसे द्यायला तयार आहे, तिथं कापडाचं फूल घुसवून नफा काढायचा नाही. जी ऑर्डर पैशाअभावी किंवा उन्हाअभावी… म्हणजे उन्हापायी, आपल्याकडून जाणार होती, ती मिळवायला कापडाचं फूल वापरायचं. एकीत ते खऱ्या फुलाला हाकलतं, दुसरीत खऱ्या फुलाला बरोबर घेऊन जातं.

उन्हाचं का म्हणाले? एप्रिल-मेमधली लग्नं आठवा. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचा किंवा कापडाचा मंडप, बाहेर प्रवेशाची कमान उघड्यावर. पहाटे लावलेला गुलाब अक्षता पडेपर्यंत मान टाकतो. मोगऱ्याचा गजरा सकाळी माळला तर दुपारच्या पंगतीला पिवळा पडलेला असतो. जरबेराचा देठ पोकळ असतो, पाण्याबाहेर काढून तारेत खोचला की फूल खाली बघायला लागतं. अशा ठिकाणी, म्हणजे बाहेरच्या कमानीचा वरचा भाग, दहा फुटांवरची झालर, मागच्या पडद्याची वरची कड, जिथं कुणाचा हात पोचत नाही आणि वासही पोचत नाही, तिथं कापडाचं फूल लावलं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट तिथं खरं फूल लावून वाळवणं हीच फुलाची नासाडी.

जिथं हात पोचतो, नाक पोचतं, नजर समोरासमोर जाते, तिथं मात्र खरंच फूल. हळदीचा पाट, त्याभोवतीची रांगोळी, चौरंग, झोपाळ्याच्या कड्या, पाळणा, उंबरठा, पाहुण्यांच्या हातात द्यायचं फूल, देवापुढचं सगळं. डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने तर खरेच हवेत. हल्ली कापडाच्या फुलांचे, गोट्याचे तयार दागिने मिळतात, हलके असतात, फोटोतही चांगले येतात, आणि काही गट ते विकतातही. विका, माझं काही म्हणणं नाही. पण सातव्या महिन्यातल्या मुलीला फुलांनी सजवून झोपाळ्यावर बसवायचं ते कशासाठी? तिच्या भोवती निशिगंध दरवळला पाहिजे, एवढं तरी तिला मिळू द्या. निदान वेणी आणि गळ्यातली माळ खरी ठेवा, बाकी बाजूबंद-कंबरपट्टा कापडाचा चालेल.

आता लावायच्या पद्धतीबद्दल. यात दोन-तीन गोष्टी मी गटांबरोबर फिरताना बघितल्यात, त्या सांगते.

एकाच जातीचं खरं आणि खोटं फूल शेजारी-शेजारी कधी लावू नका. खऱ्या झेंडूशेजारी कापडाचा झेंडू ठेवला की कापडाचा लगेच उघडा पडतो, आणि मग बघणाऱ्याला खराही खोटाच वाटायला लागतो. माळ झेंडूची खरी असेल तर मागं कापडाची हिरवळ किंवा बारीक पांढरी फुलं घ्या. गुलाब खरा असेल तर कापडाची वेल घ्या. खरं पुढं, बनावट मागं. खरं खाली, बनावट वर.

रंग जुळवायला दुकानात जाताना पिशवीत चार खरी फुलं घेऊन जा. दुकानातल्या दिव्याखाली रंग बघू नका, फूल हातात घेऊन रस्त्यावर उजेडात या आणि शेजारी धरून बघा. पांढऱ्यात तर फारच फसायला होतं. कापडाचा पांढरा दिव्याखाली निळसर मारतो, आपला निशिगंध आणि पांढरी शेवंती मात्र दुधाळ दिसते. पांढरं घेण्यापेक्षा सायीच्या रंगाचं घ्या. आणि फार चकचकीत पानं घेऊ नका, फोटोच्या लाइटमध्ये ती प्लास्टिक आहेत हे ओरडून सांगतात.

रंग जातो का ते बघा. खऱ्या फुलांवर आपण सारखं पाणी शिंपडतो. शेजारी कच्च्या रंगाचं कापडी फूल असेल तर लाल-जांभळं पाणी ओघळतं, आणि खाली कोण बसलेलं असतं? नवरी, पिवळ्या साडीत. घ्यायच्या आधी ओल्या पांढऱ्या रुमालात फूल दाबून बघायचं. रुमाल रंगला तर ते फूल घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असू दे.

आणि आग. हे जरा जोरात सांगते. कापडाची म्हणून जी फुलं मिळतात ती बहुतेक पॉलिस्टरची असतात, देठ-पानं प्लास्टिकची. ती पेटली की वितळून थेंब थेंब खाली पडतात, आणि तो थेंब अंगावर चिकटतो. समई, निरांजन, होमकुंड, तापणारा हॅलोजन यांच्या जवळ ती अजिबात नकोत. होमाच्या वर झालर लावू नका. खरं फूल आणि आंब्याचं पान सहसा भडकत नाही, त्यात पाणी असतं. देवापुढं खरं फूल हवं याला हेही एक कारण धरा.

खरी फुलं टिकवायची कशी ते तुम्हाला माहीत आहेच, पण सजावटीच्या घाईत विसरतं. ओला झेंडू प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवला की आतून तापतो, काळा पडतो. तो गोणपाटावर पसरून ठेवा. गुलाबाचा देठ तिरका कापून पाण्यात ठेवा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. जरबेराला बादलीभर पाणी नको, देठ सडतो; तळाला चार बोटं पाणी पुरे. फुलं खोचायला शहरात हिरवा स्पंज वापरतात. तो महाग, एकदाच वापरायचा, आणि प्लास्टिकचाच एक प्रकार. चुरा मातीत गेला की राहतोच. आपल्याकडं केळीचं खोड फुकट आहे. घड उतरवल्यावर खोड टाकूनच देतो ना? त्याचा हात-हातभर तुकडा कापला, आडवा ठेवला, वर सळईनं भोकं पाडून देठ खोचले की झालं. त्याच्यात पाणी मुरलेलं असतं, फूल दिवसभर ताजं राहतं. खालून केळीच्या चिकाचे डाग पडतात म्हणून तेवढं ताट किंवा जुनं कापड ठेवा. चीक साडीला लागला तर जात नाही, हे मी सांगायला नको.

आता वही. इथं बहुतेक गट चुकतात म्हणून मी यावर जास्त वेळ घेणार आहे.

खरं फूल हा त्या दिवसाचा खर्च. आणलं, लावलं, संपलं. कापडाचं फूल हे शिलाई मशीनसारखं साधन. एकदा घेतलं की पुन्हा पुन्हा वापरायचं. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं की गोंधळ होतो. समजा गटानं १२,००० चं सामान घेतलं. काही गट पहिल्याच ऑर्डरीत अख्खे १२,००० खर्ची टाकतात आणि तोटा बघून घाबरतात. काही त्याहून वाईट करतात. दुसऱ्या ऑर्डरीपासून म्हणतात, "आता फुलं काय, फुकटच आहेत," आणि भाव पाडून देतात. वर्षभरानं माल फाटतो, कळकटतो, आणि नवा घ्यायला गल्ल्यात दमडी नसते. मग परत कर्ज.

म्हणून झीज. १२,००० चं सामान अंदाजे वीस कार्यक्रमांना पुरेल असं धरलं तर प्रत्येक कार्यक्रमावर ६०० रुपये पडतात. ते ६०० प्रत्येक वेळी आधी बाजूला काढायचे, वेगळ्या पानावर "नवं सामान" म्हणून लिहायचे, आणि उरलं ते वाटायचं. मगाशी मी हेच ६०० धरले होते. वीसच्या जागी तुमचं सामान पंधरा कार्यक्रमांतच जुनं झालं तर झीज ८०० पडेल. पहिले सहा महिने नोंद ठेवा, म्हणजे तुमचा खरा आकडा तुम्हाला कळेल. कुणी शेजारच्या गटाला सामान भाड्यानं दिलं तर भाड्यातूनही झीज काढायची. बहीण-बहीण करून फुकट दिलं तरी वहीत लिहा, कारण सामान झिजतंच.

ज्या फुलवाल्या आपल्या सभासद आहेत, त्यांचं पान वेगळं हवं. त्यांच्याकडून माल घेताना त्या दिवशीचा बाजारभाव लावायचा की ठरलेला भाव, हे हंगामाच्या आधी बसून ठरवा. झेंडूचं तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव डोक्यावर, आणि दुसऱ्या दिवशी गुलटेकडीच्या बाजारात नेलेला माल परत आणायचं भाडं निघत नाही म्हणून रस्त्याकडेला ओततात. पितृपक्षात कुणी विचारत नाही. अधिक महिन्यात लग्नं नसतात. अशा बाजारात वर्षभर एक मधला भाव ठरवून घेतला तर दसऱ्याला फुलवालीचं थोडं जाईल, पण लग्नसराईच्या मधल्या मंदीत तिला पट्टीची वाट बघत बसावं लागणार नाही. गटालाही ऑर्डर घेताना भाव सांगता येईल. आडत्याची तोलाई-हमाली वाचते ती दोघींच्यात वाटून घ्या. हे भांडण न होता ठरतं का, तर नाही. पहिल्या वर्षी भांडण होतंच. पण ते सभेत होऊ दे, शेताच्या बांधावर नको.

आणि गिऱ्हाइकाला खरं सांगा. मोबाइलवर सगळ्या खऱ्या फुलांचा फोटो दाखवायचा आणि लावताना निम्मं कापड लावायचं, यावरून भर हळदीत भांडणं झालेली आहेत. पावतीवर दोन ओळी लिहा: "मागचा पडदा व वरची झालर – कापडी फुले. पाट, चौरंग, प्रवेशद्वार, हार – ताजी फुले." सही घ्या. लोक चिडत नाहीत, उलट कितीतरी जण म्हणतात, मग वरची झालरही खरीच करा, होऊ दे खर्च. लिहून दिलं नसतं तर त्यांना विचारायचं सुचलंही नसतं.

आता कर्जाच्या अर्जाबद्दल. सरकारी नियम काय चाललेत ते बघूनच पैसा घालायला हवा. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा मखरवाले तयार माल घेऊन बसले होते. ते उच्च न्यायालयात गेले, गणपतीपुरती तरी मुभा द्या म्हणाले, ती मिळाली नाही. मग १ जुलै २०२२ पासून देशभरात सजावटीचा थर्माकोल बंदीच्या यादीत आला. कृत्रिम फुलांबद्दलही तसंच वारं वाहतंय. फूल उत्पादक शेतकरी उच्च न्यायालयात गेलेत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात प्लास्टिकच्या फुलांवर बंदीची मागणी झाली आणि सरकारनंही बंदीच्या बाजूनं शब्द दिला. नियम उद्या बदलू शकतो. तेव्हा कर्ज काढून घरभर माल भरून ठेवायची ही वेळ नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे, निर्णय अर्थातच संघाचा. अर्ज नाकारू नका, पण मागितलेल्या रकमेच्या अर्धी द्या. त्यातून प्लास्टिकची फुलं घेऊ नका. आधी लोखंडी कमानीचा सांगाडा, पडदे, दिव्यांच्या माळा, बादल्या घ्या, कारण त्या कुठल्याही फुलाला लागतात आणि कुठल्या बंदीत अडकत नाहीत. उरलेल्यात थोडी कापडी वेल आणि हिरवळ. आणि परतफेडीच्या अटींबरोबर एक अट अशी घाला की प्रत्येक ऑर्डरीतली ताजी फुलं आधी संघातल्या फुलवालीकडून घ्यायची, तिच्याकडं नसतील तरच बाजारातून. मावशींशी मी हे बोलले आहे. त्या म्हणाल्या, "लिहून ठेवा, तोंडी नको." त्यांचं बरोबर आहे.

कुणी विचारेल, सुती कापडाची, कागदाची, मक्याच्या सालीची फुलं आपणच का करू नयेत? करावीत. शिलाईच्या गटांकडं चिंध्यांची पोती पडलेली असतात. पण हातानं केलेल्या फुलाला वेळ फार लागतो, आणि पडदाभर फुलं करायची तर मजुरी निघत नाही. तोरण, दाराची पट्टी, पाळण्याची झालर एवढ्यापुरतं ते परवडतं. एका गटानं जुन्या सुती साड्यांची तोरणं केलीत, सभा संपल्यावर बघा, बाहेर ठेवलीत.

शेवटी कार्यक्रम झाल्यावरचं काम, जे करायला सगळ्या कंटाळतात. रात्री अकराला पाय दुखत असतात, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो, आणि सगळं ओढून एका चादरीत बांधायचा मोह होतो. तसं करू नका. उतरवताना दोन गठ्ठे वेगळे करा. कापडी फुलं एका बाजूला. दुसऱ्या दिवशी कपड्याच्या पावडरीच्या कोमट पाण्यातून बुडवून काढा, चोळू नका, सावलीत उलटी टांगा, उन्हात रंग उडतो. वाळली की खोक्यात सैल भरा, वर कडुनिंबाचा पाला टाका, आणि खोकं जमिनीवर ठेवू नका, उंदरांना देठातली मऊ तार नसली तरी कापड फार आवडतं.

खरी फुलं दुसऱ्या गठ्ठ्यात. ती खतात जातील, झेंडूच्या पाकळ्या वाळवून ठेवल्या तर रंगालाही चालतात. पण खड्ड्यात टाकायच्या आधी दोरा, टाचण्या, स्टेपलरच्या पिना आणि तार काढायलाच हवी. हार तसेच उकिरड्यावर फेकले की गाई-म्हशी ते खातात, तार पोटात जाते, आणि चरणारं जनावर चारा सोडतं तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही की हे आपल्या हळदीच्या स्टेजचं आहे. पिना मोजून न्या, मोजून परत आणा. तारेऐवजी सुतळी किंवा केळीच्या सोपाची दोरी चालते तिथं तीच वापरा. हे काम करणाऱ्या दोघींची मजुरी ऑर्डरीच्या भावात आधीच धरा, कारण फुकटचं काम म्हटलं की ते सगळ्यात लहान सुनेवर पडतं.

पुढच्या सभेला येताना फुलवाल्या सभासदांनी आपल्याकडं कोणतं फूल कोणत्या महिन्यात निघतं आणि साधारण किती किलो, एवढं कागदावर लिहून आणा. लिहिता येत नसेल तर मला फोन करा, मी लिहून घेते. सजावटीच्या गटांनी मागच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरींच्या पावत्या आणा. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघू, कुठल्या महिन्यात कुणाचं फूल कुणाच्या कमानीला लागतंय. आता प्रश्न विचारा. मागं बसलेल्यांनी आधी.